सोबत जाणाऱ्याने काय करायचं : इंदुरात लैंगिक अत्याचारानंतरचे पहिले तास, दवाखाना, थाना आणि कोर्ट

अत्याचार झालेल्या बाईचा पहिला फोन बहुतेक वेळा पोलिसांना जात नाही. तो मोठ्या बहिणीला जातो, मैत्रिणीला जातो, शेजारच्या काकूंना किंवा ऑफिसातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाला जातो. हा लेख तो फोन घेणाऱ्यासाठी आहे. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग या इंदुरातल्या आपल्या मराठी वस्त्यांत असा प्रसंग आला की घरात चार वडीलधारी जमतात आणि जिच्यावर बेतलं तिला सोडून सगळे ठरवू लागतात. तिथेच सगळं बिघडतं. घाई फक्त औषधांची आणि पुराव्याची करायची. बाकी प्रत्येक गोष्ट तिला विचारून आणि तिच्या गतीने.

फोन आल्यावर

पहिला प्रश्न एकच : "आत्ता तू सुरक्षित आहेस का?" नसेल तर ११२ लावा. सुरक्षित असेल तर तिच्याकडे पोचा आणि ती सांगेल तेवढंच ऐका. "तू तिथे गेलीसच कशाला", "ओरडली का नाहीस", "आधी का नाही सांगितलंस" हे तिन्ही प्रश्न टाळा. भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, हे डॉक्टरांनाही माहीत आहे आणि कायद्यालाही. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असं धरता येत नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येच लिहिलेलं आहे.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे" हे स्पष्ट शब्दांत बोला. नुसती मान डोलावून चालत नाही. मिठी मारायची तर आधी विचारा. ती जे सांगते ते नंतर शांतपणे तारीख-वेळ घालून तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, आपल्याकडून काही जोडू नका. पुढे प्रत्येक माणूस तिला पहिल्यापासून सांगायला लावेल. ते कमीत कमी वेळा व्हावं, हे तुमचं काम. त्यासाठी सोबतीला एकच माणूस ठरवा, फार तर दोन. बाकीच्यांना घरी थांबवा. काका-मामांना आरोपीच्या घरी जाऊन जाब विचारण्यापासून तर नक्कीच थांबवा. तिथे हाणामारी झाली तर उलट गुन्हा दाखल होतो आणि मूळ प्रकरण "आपसी विवाद" म्हणून रंगवलं जातं.

कपडे, लघवी, फोन, कॅमेरा

जमत असेल तर दवाखान्यात जाईपर्यंत आंघोळ, चूळ, केस विंचरणं, नखं कापणं टाळावं. आंघोळ झाली असेल तरी जायचंच, पुरावा संपला असं समजायचं नाही. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, कपड्यांवरचे डाग त्याहूनही जास्त टिकतात.

कपडे धुऊ नका. कपडे आणि चादर वेगवेगळ्या कागदी पिशवीत ठेवा, पिशवी नसेल तर कोऱ्या कागदात गुंडाळा. प्लास्टिकची थैली हातासरशी सापडते आणि तीच घात करते : आत ओल धरते, बुरशी येते, डीएनए खराब होतो. ओले कपडे आधी सावलीत वाळवा. अंगावरचेच कपडे घालून जात असाल तर बदलायला दुसरा जोड न्या, कारण आतले कपडेसुद्धा दवाखाना ठेवून घेतो. पेयातून काही दिल्याचा संशय असेल तर रक्त आणि लघवी शक्य तितक्या लवकर द्यायला हवी, काही औषधांचा अंश काही तासांतच शरीराबाहेर जातो. वाटेत लघवीला जावंच लागलं तर स्वच्छ बाटलीत धरून सोबत न्या.

फोनमधलं काहीही पुसू नका, आरोपीचे घाणेरडे मेसेजसुद्धा नाही. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ फोन जपा, कोर्टात त्याचीच किंमत जास्त. दुकानातल्या, सोसायटीतल्या, हॉटेलातल्या कॅमेऱ्याचं चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. कोणते कॅमेरे आहेत याची यादी करा आणि पहिल्याच दिवशी थान्यात "फुटेज जप्त करावे" असा लेखी अर्ज देऊन पावती घ्या. मालकाकडे स्वतः भांडत बसू नका, त्याने आरोपीला कळवलं तर फुटेज जातं.

दवाखान्यात : थान्याच्या आधी गेलं तरी चालतं

"पहले थाने से कागज लाओ" हे वाक्य ऐकायला मिळू शकतं. ते चुकीचं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक दवाखान्याने अशा रुग्णाला ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे आहेत. नाकारलं तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खाजगी दवाखाना जवळ असेल आणि रक्तस्राव किंवा मोठी जखम असेल तर तिथेच न्या. नमुने गोळा करायचे असतील तर मात्र सरकारी दवाखाना बरा. इंदुरात एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव चिकित्सालय, चोवीस तास उघडं असतं आणि मेडिकल कॉलेजला जोडलेलं असल्याने तपासणी, औषधं आणि मानसोपचार एकाच आवारात होतात.

दवाखान्याने पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण सज्ञान बाईने तक्रार द्यायची की नाही, हा निर्णय तिचाच. आत्ता नको असेल तर तसं लेखी नोंदवायला सांगा. उपचार घ्यायचे पण नमुने द्यायचे नाहीत, किंवा नमुने द्यायचे पण एखादी तपासणी नको, असंही म्हणता येतं. संमती प्रत्येक टप्प्याला वेगळी विचारली पाहिजे. बारा वर्षांवरच्या मुलीची स्वतःची संमती घेतात, त्याखालच्या मुलीसाठी पालकांची.

औषधांना घड्याळ आहे, म्हणून डॉक्टरांना नाव घेऊन विचारा :

गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच डोस, ७२ तासांच्या आत. जितकी लवकर तितकी खात्रीची. पाचव्या दिवसापर्यंतही थोडा उपयोग होतो, त्या अवधीत कॉपर-टी हा अधिक भरवशाचा पर्याय आहे. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर गर्भचाचणी करायची.

एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची. पहिला डोस चाचणीच्या निकालासाठी अडवून ठेवू नये. मळमळ होते आणि कोर्स मध्येच सुटतो, हा इथला नेहमीचा घोटाळा. रोजच्या ठरलेल्या वेळेला आठवण करणारा एक माणूस हवा. मळमळीचं औषध पहिल्याच दिवशी मागून घ्या. चाचणी सुरुवातीला, मग सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी.

याखेरीज हेपटायटिस बीची लस, जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन आणि इतर लैंगिक आजारांसाठी प्रतिजैविकं.

तपासणीतली एक गोष्ट ठामपणे थांबवा. दोन बोटांची चाचणी बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बाईच्या खासगीपणावर घाला घालणारी ठरवली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्याचा आदेश दिला. "संबंधांची सवय आहे" अशा अर्थाचा शेरा अहवालात लिहिता येत नाही. अंगावर जखम नाही म्हणजे अत्याचार झाला नाही, असाही निष्कर्ष काढता येत नाही. अहवालाची प्रत मोफत मिळते, ती मागितल्याशिवाय निघू नका.

गर्भ राहिलाच तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो, २० आठवड्यांपुढे दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्यानंतर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात अर्ज करावा लागतो आणि तिथे प्रत्येक दिवस मोलाचा असतो. गर्भपातापूर्वी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. डीएनएसाठी नमुना जपला नाही तर केसमधला सर्वांत पक्का पुरावा कायमचा जातो.

थान्यात : एफआयआरची भाषा

कुठल्याही थान्यात जाता येतं. घटना दुसऱ्या हद्दीतली, दुसऱ्या जिल्ह्यातली असली तरी झीरोवर कायमी करून, म्हणजे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून, ते पुढे पाठवायचं असतं, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. ती दवाखान्यात असेल तर पोलिसांनी तिथे येऊन लिहून घ्यावं. मध्य प्रदेशात त्याला देहाती नालसी म्हणतात आणि त्यावरून नंतर थान्यात असल कायमी, म्हणजे गुन्ह्याची मूळ नोंद, होते. तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहायची. बाई अपंग असेल तर तिच्या घरी येऊन, दुभाषा किंवा विशेष शिक्षक घेऊन, चित्रीकरणासह लिहायची.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपण मराठीत सांगतो, लाजेने आडून सांगतो, आणि मुन्शी, म्हणजे थान्यातला लेखनिक, ठरलेल्या हिंदीत लिहितो : "मेरे साथ गलत काम किया" किंवा "बुरी नीयत से हाथ पकड़ा". या दोन ओळींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसतं वाईट हेतूने हात धरला असं लिहिलं तर ते न्याय संहितेचं कलम ७४, शिक्षा एक ते पाच वर्षं. "गलत काम" म्हणजे बलात्कार असेल तर कलम ६४, कमीत कमी दहा वर्षं सश्रम कारावास. २०१३ पासून बलात्काराची व्याख्या रुंद आहे : बोट, कुठलीही वस्तू, तोंड, शरीराचा कुठलाही भाग यांनी केलेला प्रकारही त्यात येतो. म्हणून नक्की काय केलं ते शरीराच्या अवयवाच्या नावासकट लिहिलं गेलं पाहिजे. जे झालं नाही ते मात्र एका अक्षरानेही वाढवू नका, उलटतपासणीत तेवढंच धरून बसतात. लग्न होऊन महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या मुलीला हिंदी नीट येत नसेल तर तिने मराठीत सांगावं आणि दुभाषा मागावा. सासरच्या माणसाने भाषांतर करायला बसू नये, विशेषतः आरोपी घरचा असेल तेव्हा.

सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा, नाहीतर वाचून घ्या. तारीख, वेळ, जागा, आरोपीचं नाव किंवा वर्णन, धमकीचे शब्द, साक्षीदार, जप्त कपडे. तक्रारीला उशीर झाला असेल तर कारण लिहून घ्या. "भीती होती", "घरच्यांनी अडवलं", "दवाखान्यात होते", जे खरं असेल ते. उशिराने केस पडत नाही, कारण न लिहिलेला उशीर मात्र वकील वापरतो. ती अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि आरोपी नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमं लागली का ते पाहा. एफआयआरची प्रत मोफत आणि त्याच वेळी. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ही मुदत बरेच जण चुकवतात.

थान्याने टाळलं तर वाद घालण्यात रात्र घालवू नका. अर्ज लिहा, दोन प्रती, एकीवर शिक्का. पावती देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने डीसीपींकडे (पोलीस उपायुक्त) पाठवा. इंदूर शहरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीण भागासाठी एसपी. तरीही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. बलात्काराची तक्रार नोंदवायला नकार देणारा अधिकारी स्वतः न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षांच्या कैदेला पात्र ठरतो. हे वाक्य अर्जातच शांतपणे लिहावं.

एक कटू मर्यादा सांगायलाच हवी. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आजही बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. हे अन्यायाचं आहे, पण दार बंद नाही : २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो, त्याखाली संरक्षण, राहण्याचा हक्क आणि भरपाई मिळते. सज्ञान पुरुषांसाठीही बलात्काराचं कलम नाही. अठराच्या आतला मुलगा मात्र पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, पूर्णपणे येतो.

मॅजिस्ट्रेटसमोरचं बयान

बयान म्हणजे जबाब. लोक अजून त्याला "१६४ के बयान" म्हणतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८३ आहे. शक्यतो महिला मॅजिस्ट्रेट घेते, पोलीस खोलीत नसतात. आदल्या रात्री तिला पढवू नका. पाठ केलेलं लगेच कळतं आणि खरं असूनही खोटं वाटू लागतं. एफआयआर एकदा वाचून दाखवा, पुरे. तारीख आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं. पोटभर खाऊन, पाण्याची बाटली घेऊन जा, जिल्हा कोर्टात थांबावं लागतं. त्या वऱ्हांड्यात आरोपीचे नातेवाईक उभे असतील, तर सोबतची महिला पोलीस मागा.

पॉक्सो आणि बलात्काराच्या प्रकरणांत तपास दोन महिन्यांत संपवायचा असतो. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. चालान, म्हणजे आरोपपत्र, कोर्टात सादर झालं की त्याची प्रत मागा.

मूल असेल तर

अठराच्या आत असेल तर पॉक्सो, २०१२. इथे संमतीचा प्रश्नच येत नाही, आणि माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. शाळेने, डॉक्टरने, क्लासच्या सरांनी "घरातलं घरात मिटवा" म्हणता येत नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा. पोलिसांनी साध्या कपड्यांत, शक्यतो मुलाच्या घरी येऊन बयान घ्यायचं. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. बालकल्याण समितीकडून सहायक व्यक्ती मागून घ्या, कोर्टापर्यंत सोबत राहणं हे तिचं कामच आहे. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, मोबाइलवर रेकॉर्डिंगही नको. "तुझी काही चूक नाही" एवढं सांगा आणि खेळू द्या.

राजीनाम्याचा दबाव

साधारण चालानच्या सुमारास मध्यस्थ येतात. समाजातले कोणी प्रतिष्ठित, कधी नात्यातलेच. "मुलीच्या लग्नाचं बघा, राजीनामा करून टाका." राजीनामा म्हणजे इथे आपसातली तडजोड. बलात्कारात राजीनामा होत नाही. मध्य प्रदेशच्याच एका प्रकरणात, २०१५ साली, सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारात तडजोडीचा विचारही करू नये असं बजावलं. २०२० मध्ये याच इंदूर खंडपीठाने एका विनयभंगाच्या आरोपीला तक्रारदार बाईकडून राखी बांधून घेण्याच्या अटीवर जामीन दिला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि जामिनाच्या अटींतून आरोपी-पीडितेची भेट घडवू नये असं सर्व कोर्टांना सांगितलं. मध्यस्थाला हे सांगा. धमकी असेल तर तारीख, वेळ, शब्द लिहून थान्यात द्या आणि २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. जामिनाच्या सुनावणीत तिला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे.

तिचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. मंडळाच्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कळलं का" सुरू झालं की ॲडमिनला लगेच फोन करा. न्याय मागणारा मेणबत्ती मोर्चाचा फलकसुद्धा तिचं नाव लिहून काढता येत नाही.

वकील, पैसा, आसरा

कुठल्याही बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टातलं विधिक सेवा प्राधिकरण, किंवा १५१००. केस सरकारी वकील चालवतो, तरी तिचा स्वतःचा वकील त्याला मदत करू शकतो. याच कार्यालयात भरपाईचा अर्ज होतो. २०१८ च्या राष्ट्रीय योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख अशी चौकट आहे. निकालाची वाट पाहू नका, अंतरिम मदत आधीच मागता येते. अर्जाला एफआयआर, दवाखान्याचा अहवाल, ओळखपत्र, बँक पासबुकाची प्रत लागते. खातं तिच्या एकटीच्या नावावर असावं.

घरी राहणं धोक्याचं असेल तर वन स्टॉप सेंटर. काही दिवसांचा आसरा, समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत तिथे एकत्र मिळते. १८१ लावा, पण मध्य प्रदेशात हाच आकडा सीएम हेल्पलाइनचाही आहे, म्हणून फोन लागताच "महिला हेल्पलाइन" हवी असं सांगा.

पुढचे महिने

पहिला आठवडा सगळे येतात. खरी गरज तिसऱ्या महिन्यात असते, जेव्हा घरातले "आता विसर" म्हणू लागतात. झोप उडणं, ठरावीक वास किंवा आवाजाने दचकणं, अचानक राग, काहीच न वाटणं, हे सगळं होतं. महिन्याहून जास्त टिकलं किंवा जगणं नको वाटण्याची भाषा आली तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. कोर्टाची तारीख आली की जुनं सगळं वर येतं, त्या आठवड्यात तिला एकटं ठेवू नका. सुनावणी बंद खोलीत होते, आणि तिच्या पूर्वायुष्यातल्या संबंधांवर प्रश्न विचारता येत नाहीत. विचारले तर सरकारी वकिलाने तिथल्या तिथे हरकत घ्यावी, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

सगळ्या कागदांची एक फाइल करा आणि दोन झेरॉक्स दोन वेगळ्या घरी ठेवा. पहिल्या पानावर तपास अधिकाऱ्याचं नाव, गुन्ह्याचा क्रमांक, पुढची तारीख. तपास अधिकारी बदलला की हेच पान नव्या माणसासमोर ठेवायचं, म्हणजे तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.